म्हादूच्या आईचं शहर

म्हादू वेळीप जन्मात कधी पणजीला गेला नव्हता, पण पणजीला नावं ठेवण्यात त्याचा हात धरील असा माणूस कर्नाटकातल्या अख्ख्या जोयडा तालुक्यात नव्हता. ते शहर समुद्राच्या पातळीला आहे, तिथं हिवाळा असा नसतोच, भरती आणि पाऊस एका वेळी आले की रस्त्यात पाणी साचतं, अंगावरचा घाम वाळत नाही, खाऱ्या वाऱ्याने पत्रे गंजतात. हे सगळं तो तोंडपाठ म्हणायचा. आणि हे सगळं त्याला मी शिकवलं होतं, हे आधीच कबूल करतो.

मी दत्तात्रय, भूगोलाचा मास्तर. घर रामनगरला, मूळ खानापूरकडचे आम्ही. नोकरी कुंभारवाड्याच्या हायस्कुलात. पोरांना कन्नडमधून शिकवतो आणि घरी मराठीतून भांडतो. सोमवार ते शनिवार शाळेमागच्या एका खोलीत राहतो. त्या खोलीला एक खिडकी आहे आणि त्या खिडकीतून शेजारच्या गोठ्याची भिंत दिसते. हे सांगायचं कारण असं की लहानपणी शाळेत माझ्याच बाकावर बसणारा सागर आज पणजीला राहतो आणि त्याच्या बाल्कनीतून मांडवी दिसते. दर रविवारी तो नदीचा फोटो पाठवतो. गणिताच्या पेपरात याने माझं बघून लिहिलं, आणि नदी त्याला मिळाली. मी फोटोखाली ‘छान’ असं लिहितो आणि दिवसभर बायकोवर खेकसतो.

म्हणून म्हादूने जेव्हा मला पहिल्यांदा विचारलं, “मास्तर, पणजीत खराब काय काय हाय ते तुमास्नी म्हायती आसंल न्हवं?” तेव्हा त्याने योग्य माणसाला विचारलं होतं.

आमच्या भागात फोन घरात लागत नाही. कुंभारवाड्याच्या वर, रस्ता वळतो तिथं एक मोठा काळा दगड आहे. त्या दगडावर उभं राहिलं की रेंज येते, खाली उतरलं की जाते. संध्याकाळी पाच-साडेपाचला तिथं चार-दोन माणसं जमतात, एकेक जण दगडावर चढून बोलतो, बाकीचे खाली थांबून सगळं ऐकतात. आमच्याकडे कोणाचं गुपित राहत नाही ते यामुळेच. म्हादू आणि मी तिथंच ओळखीचे झालो.

म्हादू पंचावन्नचा. काटक, काळासावळा, डोक्याला कायम टॉवेल गुंडाळलेला. दोन तुकडे भातशेती, मागच्या परसात कणगं आणि माडी या कंदांची आळी, आणि पाऊस संपला की रानातली मजुरी. घर रस्त्यापासून अर्धा तास आत. शेजार म्हणाल तर दोन ओढे ओलांडल्यावर. आणि बोलणं इतकं कमी की शब्दागणिक अंगातलं रक्त जातंय असं वाटावं. त्याची बायको चंद्रा एकदा मला म्हणाली होती, “लगीन झाल्यावर चवथ्या दिवशी माज्यासंगं पयल्यांदा बोलले. ‘मीठ’ म्हणाले.” मी हसलो. ती हसली नाही.

त्या घरात म्हादू, चंद्रा आणि म्हादूची आई बाळी अशी तिघं. मुली लग्न होऊन गेलेल्या. धाकटा भाऊ गणपती पंधरा वर्षांपूर्वी पणजीला गेला, एका मोठ्या बंगल्यात माळीकाम करतो, ताळगावला खोली करून बायकोसह राहतो. दोन वर्षांपूर्वी बाळीच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि गणपती येऊन तिला घेऊन गेला. ऑपरेशन, तपासणी, पंधरा दिवस, असं ठरलं होतं.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. मग दुसरा डोळा. मग शिल्पा, म्हणजे गणपतीची बायको, म्हणाली की पावसाळ्यात म्हातारीला रानात कशाला न्यायचं. मग पावसाळा संपला तरी विषय कोणी काढेना. म्हाताऱ्या माणसाचं काय, जिथं ठेवाल तिथं राहतं, असं लोक म्हणाले.  पण आयुष्यात कधी फोनला हात न लावलेल्या म्हादूने जोयड्याच्या बाजारातून बटणांचा फोन आणला आणि रोज संध्याकाळी दगडावर चढायला लागला.

पहिले काही दिवस तो नुसता “जेवलीस?” एवढंच विचारून उतरायचा. मग एकदा पलीकडून बाळी म्हणाली असावी की इथं बरं आहे, वारा येतो. त्या दिवशी म्हादू खाली उतरला तो तोंड पाडून. मला म्हणाला, “वारा येतो म्हनं. हितं काय वाऱ्याला कुलूप हाय?” आणि मग तो वरचा प्रश्न विचारला.

मी भूगोल उघडला. खरं सांगतो, वर्गात मी इतक्या मनापासून कधी शिकवलं नाही. पणजी मांडवीच्या मुखाशी, डाव्या काठावर, सखल जागेवर वसलेली. एक आल्तिनोची टेकडी सोडली तर सगळं सपाट. आपण इथं समुद्रापासून पाचशे-सहाशे मीटर उंच. तिथं वर्षभर तापमान वीस आणि तेहेतीसच्या दरम्यान, म्हणजे हवा बदलतच नाही, आणि दमटपणा इतका की मीठसुद्धा ओलं होतं. पाऊस त्यांना पडतो, पण आपल्या कॅसलरॉकच्या पुढे तो काहीच नाही. म्हादू एकेक गोष्ट कान देऊन ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी दगडावरून आईच्या कानात ओतायचा.

“आये, आज तितं बत्तीस डिग्री हाय. हितं पंचवीस. रातीला गोधडी लागती.”

“आये, मास्तर म्हनत्यात तितलं मीठ वल्लं हुतं.”

“आये, आमच्याकडं आज इतका पाऊस झाला, तुमच्याकडं किती? तेवढाच? मग त्यो पाऊस न्हवंच.”

बाळीही काही कमी नव्हती. ती सांगायची की सकाळी पोळ्यांचा माणूस सायकलवर दारात येतो, इथं पावाला पोळी म्हणतात. ती सांगायची की गणपतीने तिला फेरीबोटीत बसवून पलीकडे नेलं, चालत जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. फेरीबोट म्हादूच्या वर्मी बसली. आठवडाभर तो फेरीबोटीबद्दल बोलत होता. “पान्यातनं जायचं आन् परत यायचं, ह्यात काय मोठं? काळी नदीत आमी न्हाई गेलो व्हय?” मी म्हणालो, गेलास की. आईला कधी नेलं होतंस? 

मग एके दिवशी मी त्याला लोकसंख्या सांगितली. आपला जोयडा तालुका म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ अर्धा गोवा. आणि माणसं? पन्नास हजारांच्या आसपास. पणजी शहर बोटभर, तरी तिथं चाळीस हजार. एका चौरस किलोमीटरमध्ये तिथं हजारो, आपल्याकडं तीससुद्धा नाहीत. मला वाटलं हा खूश होईल, कारण गर्दी म्हणजे वाईट. तो खूशही झाला. दगडावर चढून ओरडला, “आये, तितं मानसं मुंग्यावानी हाइत. हितं एका मानसाला किती रान येतं बघ.” पलीकडून बाळी काय म्हणाली ते कळलं नाही, पण उतरल्यावर तो मला म्हणाला, “ती म्हनती, तेच तर.”

आम्हा दोघांनाही त्या ‘तेच तर’चा अर्थ लागला नाही. आम्ही तो आमच्या बाजूने लावला.

मी हे सांगतोय त्यावरून म्हादू विनोदी माणूस वाटेल. तसा तो नव्हता. भाऊ पुढे गेला याचं त्याला काही नव्हतं. गणपतीला पक्कं घर नाही, खोली भाड्याची, मालकाच्या बंगल्यातल्या फुलांना पाणी घालतो. म्हादू त्याची कीव करायचा. जळायचा तो एकाच गोष्टीने. सकाळी उठल्यावर आईचं तोंड गणपती बघतो, आणि आपण बघत नाही. हे त्याने मला तोंडाने सांगितलं ते दीड वर्षाने, तेही मी माझ्या सागरच्या बाल्कनीबद्दल रडगाणं गात होतो तेव्हा. “तुमची नदी गेली मास्तर,” तो म्हणाला, “माजी आय गेली.” मला लाज वाटली, पण बाल्कनीबद्दलची जळजळ काही कमी झाली नाही.

या सप्टेंबरात गणपतीचा निरोप आला. आईच्या आधार कार्डावरचा पत्ता बदलून पणजीचा करून घेतो, इथल्या दवाखान्यात प्रत्येक वेळी विचारतात, सोयीचं पडेल. बोलणं साधं होतं. म्हादू दगडावरून उतरला आणि तिथंच बसला. 

“म्हंजे सरकारच्या हिशेबी आय माज्या घरची न्हाईच की,” तो म्हणाला. “आमी दोगंच राहिलो.”

“कार्डाने काय होतं?”

“तुमीच सांगितलासा न्हवं, मानसं मोजत्यात म्हनून?”

मीच सांगितलं होतं. दसऱ्याच्या सुट्टीत आपण दोघं जाऊ आणि म्हातारीला घेऊन येऊ, असं मी म्हणालो. यात माझा परोपकार थोडा आणि सागरची बाल्कनी प्रत्यक्षात किती लहान आहे ते बघण्याची इच्छा जास्त होती.

भात कापणीला यायला अजून थोडे दिवस होते. म्हादू आदल्या दिवशी रामनगरला माझ्या घरी उतरला. माझ्या आईने त्याला भाकरी वाढली, तो मान खाली घालून जेवला आणि “बरं झालं जेवन” एवढंच म्हणाला. सकाळी जीपने कॅसलरॉक गाठलं. घाटासाठी गाडीला इंजिनं जोडेपर्यंत बराच वेळ थांबावं लागतं. म्हादू फलाटावर उभा राहून मनात काहीतरी घोकत होता. मी विचारलं तर म्हणाला, “आयला काय सांगायचं ते. उकाडा, खारं वारं, भरती. अजून एक होतं, काय ते?” मी म्हणालो, दमटपणा. “हां, दमटपना.”

कुळे, मडगाव, मग बस. आणि पणजीने त्या दिवशी आमचा सरळसरळ अपमान केला. ऑक्टोबर असून उकाडा नव्हता. आभाळ हलकं ढगाळ, नदीवरून गार वारा, रस्ते कोरडे. घाम म्हणून नाही. म्हादू टॉवेलने कोरडं कपाळ पुसून बघत होता. बसस्टँडवर गणपती न्यायला आला होता, त्याने म्हादूच्या पाया पडून पिशवी घेतली. “आय नदीकाठाला बसलीया, रोजच बसती ह्या वक्ताला,” तो म्हणाला. म्हादूचा चेहरा उतरला. रोजच्या या वेळेला ती कुठं बसते हे त्याला ठाऊक नव्हतं.

नदीकाठच्या रस्त्याला झाडाखाली बाक आहेत. एका बाकावर बाळीमावशी बसली होती. कुणबी पद्धतीचं वर नेसलेलं लुगडं, डोळ्याला जाड चष्मा, आणि दोन्ही बाजूंना दोन म्हाताऱ्या, एक कोंकणी बोलणारी, एक बहुतेक कारवारकडची. तिघी जोरजोरात बोलत होत्या, हसत होत्या. मी तिला पूर्वी, मतदारयादीच्या कामाने त्यांच्या घरावरून जाताना, चार-पाच वेळा पाहिलं होतं. दारात बसलेली, पाय पसरून, वाटेकडे बघत. ती हसते हे मला माहीत नव्हतं. म्हादूलाही नसावं, कारण तो दहा पावलांवर थांबला.

आम्हाला बघून त्या दोघी उठल्या. गणपती चहा आणायला गेला. म्हादू आईजवळ बसला आणि म्हणाला, “चल.”

“बस तर जरा.”

“चल घराला. भात कापायला येतंय. हितं उकाडा हाय.”

तिने नदीकडे बघितलं. वारा चांगलाच सुटला होता. “व्हय,” ती म्हणाली.

 मी बाजूच्या बाकावर बसून दुसरीकडे बघायचं नाटक केलं. म्हादू हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. घोकून आणलेल्यातला उकाडा तेवढा वापरून झाला होता. मी मनातल्या मनात ‘दमटपणा, दमटपणा’ म्हणत होतो. एक फेरीबोट पलीकडून निघून अलीकडे लागली, माणसं उतरली, दुसरी चढली, ती परत गेली.

शेवटी बाळीच म्हणाली, “म्हादू, मी घराला आले तर काय हुईल सांगू? तू सकाळी रानात जाशील. चंद्रा शेतात जाईल. मी दारात बसंन. सांजच्याला तू येशील, जेवशील, निजशील. तितं पाखरू बोलंल, पन तू बोलायचा न्हाईस. तीस वरीस तसंच चाललं. हितं आल्यापासनं तू रोज बोलतोस. डिग्री सांगतोस, पाऊस सांगतोस, भांडतोस. मी पाच वाजायची वाट बघती. सांग, कशाला येऊ?”

  म्हादू उठला आणि चालायला लागला. मला वाटलं चिडून निघाला. तो नदीच्या कठड्यापर्यंत गेला, वीस-पंचवीस पावलं, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि खिशातून फोन काढला.

बाकावर बाळीच्या पिशवीत फोन वाजला. तिने तो काढला, चष्म्यासमोर धरून नाव बघितलं, कठड्याकडे बघितलं आणि कानाला लावला.

“बोल,” ती म्हणाली.

त्याचा आवाज मला फोनमधून येत नव्हता, पण वाऱ्यावरून येत होता. रानातल्या माणसाचा आवाज, हळू बोलायची सवय नसलेला. “आये, उकाड्याचं मी खोटं बोललो. हितं बरं हाय. पन घरात जेवन जात न्हाई. तुजी जागा दारात रिकामी दिसती. चंद्रा तितं कुनाला बसू देत न्हाई. मी सांजच्याला घराला जायच्या आदी दगडावर जातो, कारन घराला गेलं की तू नसतीस.”

 बाळी म्हणाली, “हे तवा का सांगितलं न्हाईस?”

“तवा तू घरातच होतीस की,” म्हादू म्हणाला.

ती रडली नाही. फोन तसाच कानाला ठेवून तिने हाताने त्याला बोलावलं, पोराला बोलवावं तसं. पाठमोरा असल्यामुळे त्याला ते दिसलं नाही, म्हणून तिला फोनवर सांगावं लागलं, “हिकडं ये.” तो आला. गणपती चहा घेऊन आला होता, तो कप हातात धरून लांबच उभा होता आणि भावाकडे असा बघत होता की मला त्या नजरेची चांगलीच ओळख पटली. त्याने दोन वर्षं आईला फेरीबोटीतून फिरवलं होतं, आणि तिने त्याच्याकडे असा हात कधी केला नसावा.

ती त्या दिवशी आमच्याबरोबर आली नाही. डोळ्याची शेवटची तपासणी नोव्हेंबरात होती. “कणगं खणायला येते,” म्हणाली, “आन् हितं परत येणार न्हाई आसंबी म्हनत न्हाई. तुज्यावर हाय.” पत्ता बदलायचं काम तिने थांबवायला सांगितलं. परतीच्या गाडीत म्हादू एक शब्द बोलला नाही, पण दगडावर पोचल्यावर त्याने फोन लावला आणि सगळ्या प्रवासाचं वर्णन तिला केलं, बोगद्यांसकट, असं मला नंतर कळलं.

सागरला मी भेटलोच नाही. वेळ होता, पण इच्छा राहिली नव्हती. बाल्कनीचा मत्सर असा अचानक गेला म्हणून मी सुटलो असं नाही. माणसाला जळायला काहीतरी लागतंच, आणि मला आता म्हादू वेळीप मिळाला होता. त्याची आई दीडशे किलोमीटरवर आहे, आणि ती त्याच्या फोनची वाट बघते. माझी माझ्याच घरात आहे.

परतीच्या दिवशी मी रामनगरला पोचलो तेव्हा ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी चप्पल काढली आणि आत न जाता तिच्याजवळ जाऊन बसलो. तिने सूप बाजूला सरकवलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “काय पाहिजे?”

“काही नाही. असंच बसलो.”

तिला ते खरं वाटलं नाही. ती उठली आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.